संगणकाचा पडदा अडल्यास : लिनक्समधील डिस्प्ले सर्व्हर थांबविण्याची रीत

शाळेतील संगणकाचा पडदा एकाएकी अडून बसावा, माउस हलविला तरी बाण हलू नये, कळा दाबल्या तरी अक्षर उमटू नये, हा अनुभव संगणक वापरणाऱ्या बहुतेक शिक्षकांस केव्हा ना केव्हा येतो. अशा वेळी पुष्कळदा विजेचे बटण बंद करून यंत्र पुन्हा सुरू करण्याचा मार्ग पत्करला जातो. तो सोपा असला तरी निर्धोक नव्हे. ज्या शाळेत एकच संगणक आहे आणि विद्यार्थ्यांची हजेरी, गुणपत्रके व कार्यालयीन पत्रव्यवहार हे सर्व त्याच यंत्रात साठविले जाते, तेथे तर बटणाच्या एका दाबाने कित्येक तासांचे काम वाया जाऊ शकते. लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या संगणकात याहून चांगला उपाय उपलब्ध आहे. पडद्यावर दिसणारे चित्र आणि प्रत्यक्ष काम करणारे यंत्र या तेथे दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्यांपैकी चित्राचा भाग तेवढा थांबविता येतो आणि यंत्र चालू राहते. हा भाग कोणता, तो निराळा का ठेवला आहे आणि तो कसा थांबवावा, याचे विवेचन पुढे क्रमाने केले आहे.

१. पडद्याचा कारभारी

एका शाळेत एकच मोठा फळा आहे आणि त्यावर अनेक शिक्षकांस एकाच वेळी लिहावयाचे आहे, अशी कल्पना करावी. प्रत्येकाने आपला खडू घेऊन हवे तेथे लिहिले, तर फळ्यावर नुसता गोंधळ माजेल. म्हणून खडू एकाच गृहस्थाच्या हाती द्यावयाचा आणि इतरांनी त्याच्याकडे चिठ्ठ्या पाठवावयाच्या, अशी व्यवस्था केली. ‘डाव्या बाजूस हा हिशेब लिहा’, ‘उजव्या बाजूस हे चित्र काढा’ अशा त्या चिठ्ठ्या. फळ्यासमोर बसलेल्या विद्यार्थ्याने काही विचारले, तर तो प्रश्न कोणत्या शिक्षकास उद्देशून आहे हे पाहून त्याच्यापर्यंत पोहोचविण्याचे कामही याच गृहस्थाचे.

संगणकात हे काम करणाऱ्या आज्ञावलीस डिस्प्ले सर्व्हर असे म्हणतात. पत्र लिहिण्याची, हिशेबाची, चित्र काढण्याची अशा निरनिराळ्या आज्ञावली स्वतः पडद्यास हात लावीत नाहीत. आपली खिडकी दाखविण्यासाठी त्या डिस्प्ले सर्व्हरवर अवलंबून असतात. कळफलकावर दाबलेली कळ आणि माउसची हालचाल प्रथम त्याच्याकडे जाते व तेथून योग्य त्या आज्ञावलीकडे पोहोचते. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. हा कारभारी अडला, तर पडदाही अडतो आणि कळफलकही मुका होतो. साहजिकच पाहणाऱ्यास सारे यंत्रच बंद पडले असे वाटते. परंतु फळ्यावरचा गृहस्थ आजारी पडला म्हणून कार्यालयात वेतनपत्रक तयार करणारा लेखनिक थांबत नाही. तद्वतच प्रणालीचा गाभा, छपाईची व्यवस्था, फाइली इतर संगणकांस पुरविण्याची व्यवस्था ही सर्व डिस्प्ले सर्व्हरविना चालू राहू शकतात.

२. ही रचना कोठून आली

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९८३ मध्ये ‘ॲथीना’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. विद्यार्थ्यांना संस्थेच्या आवारात कोणत्याही संगणकावर बसून काम करता यावे, हा त्याचा उद्देश होता. परंतु यंत्रे निरनिराळ्या कंपन्यांची असत आणि एकासाठी लिहिलेली चित्राची आज्ञावली दुसऱ्यावर चालत नसे. बॉब शायफ्लर व जिम गेटिस यांनी १९८४ मध्ये जी खिडक्यांची व्यवस्था उभी केली, तिने ही अडचण दूर केली. तिच्या आधीच्या एका व्यवस्थेचे नाव ‘डब्ल्यू’ असे होते. म्हणून रोमन वर्णमालेतील पुढचे अक्षर घेऊन या व्यवस्थेस ‘एक्स’ असे नाव देण्यात आले. तिची अकरावी आवृत्ती सप्टेंबर १९८७ मध्ये निघाली. पुढे सुधारणा पुष्कळ झाल्या, तरी मूळ संकेत त्याच अकराव्या आवृत्तीचे राहिले. लिनसचे लिनक्स १९९१ मध्ये जन्मास आले, त्यापूर्वीच एक्स तयार होते. लिनस टोर्व्हाल्ड्स यांनी लिहिलेला गाभा आणि पडदा सांभाळणारे एक्स ही मुळातच दोन स्वतंत्र कामे होत, आणि म्हणूनच एकास थांबविले तरी दुसरे चालू राहते.

पुढे २००८ मध्ये क्रिस्तियान ह्योग्सबर्ग यांनी ‘वेलँड’ या नव्या व्यवस्थेचा आरंभ केला. एक्सच्या व्यवस्थेत खिडक्या लावणारी आज्ञावली वेगळी आणि पडदा सांभाळणारी वेगळी असते. वेलँडमध्ये ही दोन्ही कामे एकाच आज्ञावलीकडे सोपविली आहेत. फेडोरा या लिनक्सच्या वितरणाने २०१६ मधील पंचविसाव्या आवृत्तीपासून वेलँड ही नेहमीची व्यवस्था म्हणून स्वीकारली आणि इतर अनेक वितरणे त्या मार्गाने गेली. शिक्षकांच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की, शाळेतील यंत्रात एक्स असो वा वेलँड असो, ते थांबविण्याची पुढे दिलेली रीत एकच आहे.

ही माहिती दूरदेशीची म्हणून सोडून देण्यासारखी नाही. केरळ राज्यात २००१ मध्ये ‘आयटी ॲट स्कूल’ हा प्रकल्प सुरू झाला आणि पुढे तेथील शाळांत लिनक्सवर आधारलेली मुक्त प्रणाली रुजली. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने ‘बॉस’ नावाचे लिनक्सचे भारतीय वितरण तयार केले आहे. त्यात मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय आहे.

३. वीज तोडण्यात धोका कोणता

संगणकात लिहिलेला मजकूर त्याच क्षणी हार्ड डिस्कवर जातो असे नाही. ‘सेव्ह’ची आज्ञा दिल्यानंतरही तो काही काळ यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीत थांबतो आणि सवडीने डिस्कवर उतरविला जातो. एरवी यामुळे काम जलद होते. परंतु मध्येच वीज तोडली, तर स्मृतीतील न उतरलेला भाग नाहीसा होतो. फाइलींची नोंदवही डिस्कवर नीट राहावी म्हणून लिनक्समध्ये विशेष योजना असते, व तिच्यामुळे यंत्र पुन्हा सुरू होताना पुष्कळदा सर्व सुरळीत दिसते. तथापि ती योजना नोंदवही वाचविते. अर्धवट लिहिलेले गुणपत्रक वाचविण्याची हमी तीत नाही.

याउलट डिस्प्ले सर्व्हर रीतसर थांबविला, तर प्रणालीचा गाभा चालूच असल्याने स्मृतीत थांबलेला मजकूर डिस्कवर उतरतो आणि इतर सेवा अखंड राहतात. येथेही नुकसानीची एक शक्यता आहे व ती स्पष्टपणे ध्यानात घेतली पाहिजे. ज्या आज्ञावली पडद्यावर खिडकी उघडून चालल्या होत्या, त्या सर्व डिस्प्ले सर्व्हरबरोबर बंद होतात. त्यांतील ‘सेव्ह’ न केलेले काम जाते. म्हणून पडदा चालू असताना अन्य कारणासाठी तो थांबवावयाचा असेल, तर प्रथम सर्व फाइली जतन करून खिडक्या बंद कराव्या.

४. लहान उपाय आधी

एका विद्यार्थ्याने दंगा केला म्हणून कोणी सारी शाळा सोडीत नाही. त्याच न्यायाने, अडलेल्या संगणकास आधी लहान उपाय करावा आणि तो निष्फळ झाला तरच त्याहून मोठा हाती घ्यावा.

प्रथम दोन मिनिटे वाट पाहावी. जुन्या यंत्रास स्मृती अपुरी पडल्याने ते मंद होते आणि अडल्यासारखे भासते. डिस्कचा दिवा सारखा लुकलुकत असेल, तर यंत्र कामात आहे असे समजावे.

त्यानंतर अक्षरी पडद्याकडे जावे. लिनक्समध्ये चित्रांच्या पडद्याखेरीज केवळ अक्षरे दाखविणारे आणखी काही पडदे मागे सज्ज असतात. कंट्रोल व ऑल्ट या दोन कळा दाबून धरून एफ-३ ही कळ दाबली असता असा एक पडदा पुढे येतो. काही मांडीवरील संगणकांत त्याबरोबर एफ-एन ही कळही दाबावी लागते. काळ्या पार्श्वभूमीवर ‘लॉगिन’ असा शब्द दिसला, की यंत्र जिवंत आहे हे सिद्ध झाले. तेथे आपले नाव टंकून एंटर दाबावे व नंतर संकेतशब्द टंकावा. संकेतशब्द टंकताना पडद्यावर अक्षर, ठिपका वा तारका काहीही उमटत नाही. नवख्या व्यक्तीस कळफलक बिघडला असे यामुळे वाटते; परंतु ती गुप्ततेची योजना आहे. निःशंकपणे पूर्ण शब्द टंकून एंटर दाबावे.

आत आल्यावर ‘टॉप’ ही तीन रोमन अक्षरांची आज्ञा द्यावी. चालू असलेल्या आज्ञावलींची यादी समोर येते. प्रत्येकीस एक क्रमांक असतो आणि यंत्राची शक्ती सर्वांत अधिक खाणारी आज्ञावली वर दिसते. एखादीच आज्ञावली अडली आहे असे दिसले, तर के हे अक्षर दाबून तिचा क्रमांक टंकावा व दोन वेळा एंटर दाबावे. तिला थांबण्याची विनंती जाते. क्यू हे अक्षर दाबल्यावर यादी बंद होते. कंट्रोल, ऑल्ट व एफ-२ किंवा एफ-१ दाबून चित्रांच्या पडद्याकडे परतता येते. काही जुन्या आवृत्त्यांत तो एफ-७ वर असतो. पडदा मोकळा झाला असेल, तर पुढच्या उपायाची गरजच नाही.

५. डिस्प्ले सर्व्हर थांबविण्याची कृती

केवळ डिस्प्ले सर्व्हर बंद केला, तर तो क्षणार्धात पुन्हा उभा राहतो असे आढळते. कारण त्याच्यावर आणखी एक देखरेख करणारी आज्ञावली असते. तिला डिस्प्ले मॅनेजर म्हणतात. संगणक सुरू होताच नाव व संकेतशब्द विचारणारा सचित्र पडदा दाखविणारी तीच. तिचे जीडीएम, लाइटडीएम, एसडीडीएम असे निरनिराळे प्रकार आहेत. डिस्प्ले सर्व्हर पडला की त्यास पुन्हा उभे करणे हे तिचे कर्तव्यच असते. यास्तव थांबवावयाचे ते देखरेख करणारीसच.

पुढील आज्ञा येथे देवनागरीत दिल्या आहेत. यंत्रात त्या रोमन लिपीत व लहान अक्षरांत टंकावयाच्या असतात. ‘सुडो’ म्हणजे एस, यू, डी, ओ ही चार अक्षरे. ‘सिस्टमसीटीएल’ म्हणजे ‘सिस्टम’ या इंग्रजी शब्दास जोडून सी, टी, एल ही तीन अक्षरे. बाकीचे शब्द नेहमीच्या इंग्रजी वर्णलेखनाप्रमाणे लिहावे. दोन शब्दांत मोकळी जागा सोडावी. जेथे आडवी रेघ दाखविली आहे तेथे मोकळी जागा न सोडता रेघच टंकावी.

थांबविण्यासाठी : सुडो सिस्टमसीटीएल स्टॉप डिस्प्ले-मॅनेजर

पुन्हा सुरू करण्यासाठी : सुडो सिस्टमसीटीएल स्टार्ट डिस्प्ले-मॅनेजर

‘सुडो’ या शब्दाने यंत्राच्या व्यवस्थापकाचे अधिकार मागितले जातात, म्हणून संकेतशब्द पुन्हा विचारला जातो. ज्या व्यक्तीस असे अधिकार दिलेले नाहीत, तिची आज्ञा यंत्र नाकारते. शाळेत हा संकेतशब्द जबाबदार शिक्षकाकडेच असावा. ‘सिस्टमसीटीएल’ ही २०१० मध्ये आरंभ झालेल्या ‘सिस्टमडी’ या व्यवस्थेची आज्ञा असून आजची बहुसंख्य वितरणे तीच व्यवस्था वापरतात.

पहिल्या आज्ञेनंतर क्षणभर पडदा काळा राहिल्यास घाबरू नये. कंट्रोल, ऑल्ट व एफ-३ पुन्हा दाबल्यावर अक्षरी पडदा परत येतो. दहा-पंधरा सेकंद थांबून दुसरी आज्ञा द्यावी, म्हणजे नाव विचारणारा सचित्र पडदा नव्याने उभा राहतो.

पूर्वी कंट्रोल, ऑल्ट व बॅकस्पेस या तीन कळा एकदम दाबल्या की एक्स तत्काळ बंद होत असे. जुन्या पुस्तकांतून हीच युक्ती सांगितलेली आढळते. परंतु चुकून कळा दाबल्या गेल्याने लोकांचे काम बुडत असे. म्हणून उबुंटू या वितरणाने एप्रिल २००९ च्या आवृत्तीपासून ती सोय मुळात बंद ठेवली आणि इतरत्रही तसेच झाले. तेव्हा त्या कळांवर विसंबून राहू नये.

अक्षरी पडदाही पुढे येत नसेल, तर काय करावे? शाळेत दुसरा संगणक असेल आणि अडलेल्या यंत्रावर ‘एसएसएच’ ही दूरसंपर्काची सेवा आधीच बसविलेली असेल, तर त्या दुसऱ्या यंत्रावरून आत येऊन हीच आज्ञा देता येते. तेही शक्य नसल्यास विजेचे बटण एकदाच हलके दाबून सोडावे. पुष्कळ यंत्रांत त्यामुळे प्रणाली रीतसर बंद होऊ लागते. बटण काही सेकंद दाबून धरणे किंवा भिंतीवरील पुरवठा तोडणे हा सर्वांत शेवटचा उपाय होय.

६. कारण शोधणे

पडदा परत आला म्हणजे काम संपले असे मानू नये. तोच दोष वारंवार उद्भवत असेल, तर अक्षरी पडद्यावर दोन साध्या तपासण्या कराव्या. ‘डीएफ’ या आज्ञेपुढे मोकळी जागा, आडवी रेघ व एच हे अक्षर लिहिल्यास डिस्कवर किती जागा उरली आहे ते कळते. जागा पूर्ण भरली असेल, तर संकेतशब्द बरोबर देऊनही सचित्र पडदा पुन्हा नावच विचारीत राहतो, कारण तात्पुरत्या फाइली लिहिण्यास जागा नसते. अनावश्यक फाइली काढल्या की ही अडचण दूर होते. ‘फ्री’ या आज्ञेस तसेच आडवी रेघ व एच जोडल्यास स्मृती किती वापरली गेली व किती उपलब्ध आहे हे दिसते. स्मृतीच अपुरी असेल, तर एका वेळी उघडावयाच्या खिडक्या कमी कराव्या किंवा हलके चित्र-वातावरण निवडावे.

७. पडद्याविना चालणारा संगणक

डिस्प्ले सर्व्हर केवळ बिघाडातच थांबवितात असे नाही. चित्र दाखविणाऱ्या भागाची नवी आज्ञावली बसविताना तो थांबवावा लागतो. कारण वापरात असलेली वस्तू बदलता येत नाही. दुसरा उपयोग शाळांच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. सचित्र पडद्यास पेलण्याइतकी शक्ती न उरलेले जुने यंत्र अक्षरी पडद्यावर उत्तम काम देऊ शकते. फाइलींच्या दुसऱ्या प्रती सांभाळणे किंवा छपाईयंत्र सर्वांस उपलब्ध करून देणे, ही कामे त्यास सहज जमतात.

सर्व सचित्र भाग त्या वेळेपुरता मिटविण्यासाठी : सुडो सिस्टमसीटीएल आयसोलेट मल्टी-यूजर.टार्गेट

यंत्र दर वेळी अक्षरी पडद्यावरच सुरू व्हावे यासाठी : सुडो सिस्टमसीटीएल सेट-डीफॉल्ट मल्टी-यूजर.टार्गेट

दोन्ही आज्ञांत शेवटच्या शब्दापूर्वी बिंदू आहे. पूर्वस्थितीवर यावयाचे झाल्यास ‘मल्टी-यूजर’च्या जागी ‘ग्राफिकल’ हा शब्द घालून त्याच आज्ञा द्याव्या. येथे कोणताही भाग काढून टाकला जात नाही. तो केवळ न वापरता ठेवला जातो. म्हणून ही योजना करून पाहण्यात यंत्रास अपाय नाही.

८. वर्गात दाखविण्याजोगा प्रयोग

वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांस हे तत्त्व शब्दांपेक्षा प्रत्यक्षात अधिक लवकर पटते. सर्व काम जतन करून शिक्षकांनी अक्षरी पडद्यावर जावे आणि ‘अपटाइम’ ही आज्ञा द्यावी. यंत्र सुरू झाल्यापासून किती वेळ लोटला ते दिसते. तो आकडा फळ्यावर लिहावा. ‘फ्री’ या आज्ञेने वापरलेल्या स्मृतीचा आकडाही टिपावा. मग डिस्प्ले मॅनेजर थांबवावा आणि त्याच दोन आज्ञा पुन्हा द्याव्या. वेळेचा आकडा शून्यावर न येता पुढेच गेलेला दिसेल, म्हणजे यंत्र क्षणभरही बंद पडले नाही. वापरलेली स्मृती मात्र कमी झालेली दिसेल, म्हणजे केवळ चित्रासाठी एवढी स्मृती खर्च होत होती. दोन आकड्यांतील वजाबाकी विद्यार्थ्यांकडूनच करून घ्यावी. जे दिसत नाही ते चालूही नाही, ही समजूत किती सहज होते आणि मोजमापाने ती कशी दूर करता येते, हे त्यांच्या ध्यानी येईल.

९. सारांश

पडदा अडणे म्हणजे संगणक बंद पडणे नव्हे. अडलेल्या वेळी प्रथम वाट पाहावी. मग अक्षरी पडद्यावर जाऊन दोषी आज्ञावली थांबवावी. तेवढ्याने न भागल्यास डिस्प्ले मॅनेजर थांबवून पुन्हा सुरू करावा. त्यानंतर यंत्र रीतसर बंद करावे. आणि सर्व उपाय खुंटल्यावरच वीज तोडावी. थांबविण्याची व सुरू करण्याची अशा दोन्ही आज्ञा ठळक रोमन अक्षरांत कागदावर लिहून तो कागद संगणकाजवळच्या भिंतीवर लावून ठेवावा, कारण पडदा अडलेला असताना संगणकातून माहिती शोधता येत नाही. मात्र संकेतशब्द त्या कागदावर लिहू नये. यंत्र सुरळीत चालू असताना ही कृती दोन-तीन वेळा करून पाहिलेली असली, म्हणजे प्रसंगी हात गोंधळत नाही व मुलांच्या नोंदी सुरक्षित राहतात.